दोन्ही घरांचं पोर

मुलाच्या ताब्याची भांडणं माझ्याकडे येतात ती सहसा जूनमध्ये, नाहीतर गणपती उलटल्यावर. मे महिन्याच्या सुट्टीत आणि चतुर्थीला मुंबईची माणसं गावी येतात. डोंबिवलीत किंवा विरारला नवरा-बायकोचं आधीच बिनसलेलं असतं. नवरा म्हणतो, पोराला आजीकडे नेऊन आणतो. सुट्टी संपते, चाकरमानी परततात, पोर मात्र गावीच राहतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याचं नाव घातलं जातं, आणि एका सकाळी त्याची आई कुडाळ स्टेशनवर उतरून पत्ता विचारत माझ्या ऑफिसात येते. कधी उलटं होतं. बाई मुलीला घेऊन माहेरी येते आणि नवरा फेऱ्या मारत राहतो. पळवून नेणं म्हटलं की लोकांना काळ्या काचांची मोटार आठवते. आमच्याकडे ते कोकणकन्येचं तिकीट काढून, वाटेत वडापाव खाऊ घालून होतं.

मी मालवणात आणि ओरोसच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते, अधूनमधून मध्यस्थ म्हणूनही बसते. अगदी लहान मुलांच्या बाबतीत कायद्याची दिशा बरीचशी ठरलेली असते. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं, आणि कुठल्याही वयात सगळ्यात आधी बघायचं ते मुलाचं हित. खरी कसोटी लागते ती तेरा ते सतरा वयाच्या मुलांपाशी. चौथ्या वर्षी उचलून आणलेला मुलगा मिसरूड फुटल्यावर कोर्टाच्या बाकावर येऊन बसतो. एका बाजूला जन्मदाती, दुसऱ्या बाजूला ज्यांनी न्हाऊमाखू घातलं ती माणसं, आणि दोघांच्याही हातात त्याच्याविषयीचे कागद. या मुलांनी मला जे शिकवलं तेवढंच इथे लिहिते.

आधी हे इतकं लांबतं कसं, ते सांगते. आई प्रथम पोलिसांकडे जाते. तिथे तिला ऐकवलं जातं की हा घरगुती मामला आहे, कोर्टात जा. ते अगदीच बिनबुडाचं नसतं. बाप हा कायद्याने नैसर्गिक पालक. कोर्टाचा मनाई हुकूम नसताना त्याने स्वतःचं मूल नेलं, तर तेवढ्यावरून अपहरणाचा गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2023 मध्ये म्हटलं. मग उरतो 1890 चा पालक आणि पाल्य कायदा. त्यात अर्ज करायचा तो मूल जिथे साधारणपणे राहतं त्या जिल्ह्यात. आई म्हणते, ते ठाण्यात राहतं. बाप म्हणतो, बघा, शाळेचा दाखला मालवणचा. अर्ज कुठे चालवायचा यावरच तारखा पडत जातात. समन्स लागत नाही, म्हणणं द्यायला मुदत मागितली जाते, कधी वकील आजारी पडतो. तेवढ्यात पोर दुसरीत जातं, मालवणी बोलायला लागतं, आणि मग म्हणायची सोय होते की आता ते इथे रुळलंय, त्याला हलवू नका.

मूल ज्याच्याकडे असतं, त्याच्यासाठी काळच वकिली करत असतो. हे समजायला मला पुस्तकांपेक्षा तारखांच्या डायऱ्या जास्त उपयोगी पडल्या. पुस्तकातला एक खटला मात्र मी नव्या वकिलांना नेहमी वाचायला लावते, तो म्हणजे 1986 चा दिनशॉ खटला. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मुलाचा ताबा आईकडे होता आणि बापाला शनिवार-रविवारच्या भेटी होत्या. अशाच एका भेटीला म्हणून त्याने जानेवारीत मुलाला शाळेतून नेलं आणि थेट पुण्याला आई-वडिलांच्या घरी आणलं. आई सर्वोच्च न्यायालयात आली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मूल आईला परत देण्याचा हुकूम झाला. लोक त्या निकालातली तत्त्वं पाठ करतात. मी त्यातला वेग दाखवते. जानेवारी ते नोव्हेंबर. आठेक वर्षांच्या मुलाला परतताना जुनी शाळा, जुने मित्र ओळखीचे वाटले असतील. तेच प्रकरण दहा वर्षं रेंगाळलं असतं, तर त्याला परत नेणं म्हणजे दुसऱ्यांदा उचलून नेणं झालं असतं.

दहा वर्षं रेंगाळलेलं असं एक प्रकरण माझ्याकडे आलं. त्या मुलाला चार वर्षांचा असताना बापाने ठाण्याहून आचरा रस्त्यावरच्या एका गावात आणलं. आई मागोमाग आली. घरच्यांनी तिला अंगणातूनच परत पाठवलं आणि वाडीतली माणसं मध्ये पडली. तिने अर्ज केला, पण नोकरी सांभाळून दर तारखेला येणं जमलं नाही आणि तो तिच्या गैरहजेरीत निकाली निघाला. तिच्या भावांनी सांगितलं, आता सोड, नव्याने संसार कर. तिने संसार केला नाही, पण पुन्हा यायची ताकद यायला तिला बरीच वर्षं लागली. ती आली तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा होता. बाप गोव्यात हॉटेलात कामाला होता आणि पंधरवड्याने यायचा. मुलाला वाढवलं होतं ते आजीने आणि काकीने. रापण ओढायला तो काकाबरोबर जायचा आणि मोठ्या माणसांसारखा आपला वाटा मागून घ्यायचा.

मुलगा समजण्याइतका मोठा असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकतं, असं 1890 च्या कायद्यातच आहे. न्यायाधीशांनी त्याला चेंबरमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, शाळेची चौकशी केली. शेवटी तो मुद्द्याचा प्रश्न आलाच. तो म्हणाला, "माका हयंच रवाचा." मी आईची वकील होते. पण त्या उत्तरात खोटं काही नव्हतं हे मलाही दिसत होतं. ज्या घरात आज रात्री जाऊन जेवायचं, झोपायचं, त्या घराविरुद्ध चौदा वर्षांचा मुलगा उत्तर देईल तरी कसं? 2017 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, एक पालक मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी अढी कशी भरतो, याचा विचार केला आहे. ती अढी असतेच. पण तिच्या जोडीला खरी मायाही असते, आणि बाहेरच्या माणसाला त्या दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत. मुलालाही येत नाहीत.

या प्रकरणाला वळण मिळालं ते दहावीच्या परीक्षेच्या फॉर्ममुळे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव छापलं जातं. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्याच्या नावापुढे आई म्हणून काकीचं नाव होतं. पहिलीत घालताना कोणीतरी तसं सांगितलं आणि ते दाखल्यावरही आलं. इतकी वर्षं कोणाला त्याची अडचण झाली नव्हती. फॉर्म भरायची वेळ आली आणि मुलगा एकटाच, सायकल मारत, माझ्या ऑफिसात आला. मी त्याच्या विरुद्ध बाजूची वकील आहे हे त्याला माहीत होतं. दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, फॉर्मार आवशीचा नाव काय लिवू?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. देण्याचा अधिकारही नव्हता. त्याच्या बाजूच्या वकिलांना फोन केला, आणि दोन्ही पक्षांच्या संमतीने आम्ही मध्यस्थीच्या खोलीत बसलो. रजिस्टरातली नोंद बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि त्यासाठी जन्माचा मूळ दाखला हवा. तो आईकडे होता. ती प्लास्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन आली. मुलगा तिला "तुम्ही" म्हणत होता, आणि ती ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. फाइलीत दाखल्याबरोबर लसीकरणाचं कार्ड निघालं. घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं. मुलाने जन्मदाखला बाजूला ठेवला आणि ते कार्ड वाचायला घेतलं. बीसीजी, पोलिओ, ट्रिपल, गोवर. प्रत्येकापुढे निळ्या शाईत तारीख आणि नर्सची सही. शेवटचा, पाच वर्षांच्या बूस्टरचा रकाना कोरा होता.

"ह्या कोणी भरूक नाय?" त्याने विचारलं.

"तेव्हा तू इथे होतास," आई म्हणाली.

काकी बाहेर व्हरांड्यात बसली होती. मध्यस्थीत तिचं नाव नव्हतं, तिला आत घ्यायचं कारणही नव्हतं. मुलगाच उठून दाराशी गेला आणि तिला विचारून आला. पाठोपाठ ती आत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "ता इंजेक्शन हयल्या दवाखान्यात दिला. मीच घेवन गेल्लंय. दोन दिवस ताप इल्लो तेका." आईने कार्ड तिच्यापुढे सरकवलं. इतक्या वर्षांत या दोन बायका एकमेकींशी पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि विषय होता मुलाला आलेला ताप.

त्या दिवशी माझ्या कामाची दिशा पक्की झाली. तोवर मी मुलाला परत मिळवून द्यायला बघत होते, समोरचे वकील त्याला राखून ठेवायला. मुलाला यातलं काहीच नको होतं. त्याला आपलं चरित्र सलग हवं होतं. अर्धी नोंद एका घरात आणि अर्धी दुसऱ्या घरात अडकलेली, आणि दोन्ही घरं म्हणणार की आमच्याकडचीच खरी. त्यानंतर कुठल्याही मोठ्या मुलाच्या प्रकरणात, 'तुला कोण हवं' हा प्रश्न मी स्वतः विचारत नाही, आणि विचारला जाणार असेल तर त्याआधी मुलाशी समुपदेशकाने बोलावं असा आग्रह धरते. मी आठवड्याविषयी विचारते. सोमवारी उठवतं कोण? क्लासला कसा जातोस? बरं नसलं की कोणाला सांगतोस? फोन कोणाच्या देखत करावा लागतो? उत्तरांतून त्याचं घर उभं राहतं, आणि कोणाला नाकारल्याचा दोष त्याच्या माथी येत नाही.

त्या प्रकरणात तडजोड झाली ती अशी. दहावीपर्यंत मुलगा गावीच राहील. रजिस्टरात आईचं नाव दुरुस्त होईल. रोज रात्री आईशी फोन होईल आणि त्या वेळी घरचं कोणी जवळ बसणार नाही. दिवाळीची सुट्टी ठाण्यात, गणपती गावी. दहावीनंतरचं कॉलेज तो ठरवेल. बापाने सही केली, पण खुशीने नाही. त्याची बाजू मी नंतर ऐकली. आई मुलाला घेऊन तिच्या माहेरी जाईल, मग मुलगा ना गावचा ना घराचा उरेल, अशी भीती त्याला तेव्हा वाटली होती. ही भीती मी इतक्या बापांकडून ऐकली आहे, की तिला नुसता कांगावा म्हणून मोडीत काढता येत नाही.

ती भीती आमच्याकडे कुठून येते ते एका गावच्या बैठकीत बघायला मिळालं. दुसरं प्रकरण होतं ते. कोर्टात जाण्याआधी देवळात मिटवू म्हणून गावकर, मानकरी जमले होते. मला मुलीकडच्यांनी नेलं होतं. गाऱ्हाणं झालं, "व्हय म्हाराजा" झालं, आणि एक वयस्क मानकरी शांतपणे म्हणाले, "झील घराण्याचो. गावातच रवतलो." त्यांच्या दृष्टीने तो मुलगा म्हणजे घरचा गणपती पुढे आणणारा, देवाची पाळी सांभाळणारा, सात-बारावर नाव लागणारा माणूस होता. त्याच घरातली त्याची धाकटी बहीण आईबरोबर गेली तर कोणाची हरकत नव्हती. भावाबहिणीची ताटातूट होतेय, हे तासाभराच्या बैठकीत एकाच्याही तोंडून आलं नाही. मुलगा बारा-तेरा वर्षांचा होता आणि खांबाला टेकून सगळं ऐकत होता. माझ्या पाहण्यात बापाने दडवून ठेवलेली मुलं बहुतेक मुलगेच निघाले आहेत. वारसाच्या हिशेबात मुलगी बसत नाही, म्हणून ती आईकडे जाते, आणि लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात.

मूल नेणारा दर वेळी खलनायक असतो असंही नाही. इंग्लंडमध्ये वाढलेली एक मुलगी तेरा वर्षांची असताना आईबरोबर सुट्टीसाठी मालवणला आली. परतीची तारीख आईने जाऊ दिली. तिथे आईला मार बसत होता, हे मला तिच्या कपाळावरच्या व्रणाने आधी सांगितलं, तिने नंतर. बापाने तिथल्या कोर्टाचा हुकूम मिळवला. अशी मुलं तातडीने मूळ देशात परत पाठवावीत, यासाठी 1980 चा हेग करार आहे आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना तो लागू होतो. भारताने त्यावर सही केलेली नाही. विधी आयोगाने 2009 मध्ये करारात सामील व्हावं असं सुचवलं, 2016 मध्ये कायद्याचा मसुदा तपासला, 2018 मध्ये न्यायमूर्ती राजेश बिंदल समितीचा अहवाल आला, आणि गाडी तिथेच थांबली. मार खाऊन पळून आलेल्या आईला हा करार पुन्हा त्याच दारात नेऊन उभं करेल, हा त्यावरचा मोठा आक्षेप. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये, तेही इंग्लंडच्याच एका प्रकरणात, सांगितलं की परदेशी कोर्टाचा हुकूम ही विचारात घेण्याची एक बाब आहे. शेवटी मुलाचं हित बघायचं.

हे सगळं मी त्या मुलीच्या आईला समजावत होते, तेव्हा मुलगी वेगळ्याच ओझ्याखाली होती. ती बापाशी चोरून बोलायची. बाप विचारायचा, आई काय करते, कोण येतं-जातं. आई विचारायची, फोन कोणाचा होता. दोघांना सांगण्यासाठी तिच्याकडे दोन वेगवेगळ्या हकिगती तयार असायच्या, आणि कुठली कोणाला सांगितली हे लक्षात ठेवता ठेवता तिची झोप उडाली होती. शाळेतल्या बाईंना वाटलं अभ्यासाचा ताण. आईला बापाची भीती होती, ती खरी होती. मुलीला बाप हवा होता, तेही खरं होतं. आम्ही फोन उघड केला. ठरलेल्या वेळी, ठरावीक मिनिटं, आणि दोन्ही मोठ्या माणसांनी मुलीला एकमेकांविषयी काहीही विचारायचं नाही, हे लिहून घेतलं. ताबा नसलेल्या पालकालाही मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं, व्हिडिओवर दिसता यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या एका निकालात म्हटलं आहे. त्याचा आधार मिळाला. लेखी असल्यामुळे बाप चुकला की त्याला दाखवता यायचं, आणि आई चुकली की तिलाही.

आचरा रस्त्यावरच्या त्या मुलाचं पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच दिवाळीत तो ठाण्याहून चार दिवसांत एकटा परत आला. आईशी कशावरून तरी कडाक्याचं भांडण झालं होतं. तिने मला रात्री फोन केला. एवढी वर्षं मी त्याच्यासाठी रडले, आणि तो मलाच म्हणतो की तू आलीच नाहीस. मी तिला सांगितलं की तो बरोबर माणसावर रागावलाय. बापावर रागावून त्याला परवडत नाही, काकीवर रागावण्याचं कारण नाही. जी निघून जाणार नाही अशी त्याची खात्री पटत चाललीय, तिच्यावरच राग निघणार. तिला हे पटायला वेळ लागला. तिने फोन मात्र एकाही रात्री चुकवला नाही, तो उचलत नव्हता तेव्हाही नाही. उन्हाळ्यात तो आपणहून गेला. आता तो अठरा पूर्ण करून मालवणच्या तंत्रनिकेतनात शिकतो. त्याच्यावर कुठल्याच कोर्टाचा हुकूम चालत नाही. सुट्टीत कुठे जायचं ते तो ठरवतो आणि दोन्ही घरी आधी कळवतो.

काकीला मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला या सगळ्याचा त्रास नाही झाला? ती म्हणाली, "माझ्या हातचा खावन मोठो झालो. पण तेची आवस दुसरी आसा, ह्या माका पयल्यापासून ठावक होता. तेका कोणी सांगूक नाय, इतक्याच." माझ्या सगळ्या प्रकरणांत सगळ्यात जास्त नुकसान या न सांगण्याने केलं आहे. आई मेली, आई पळून गेली, बाप तुरुंगात आहे, असं काहीबाही मुलांना सांगितलेलं असतं. पोर कधीतरी खरं शोधून काढतंच. मग त्याचा विश्वास एकट्या बापावरचा किंवा आईवरचा उडत नाही. गप्प बसलेलं सगळं घर त्याला परकं होतं.

आता कोणी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे आलं, तर मी वेळ घालवत नाही. मुख्य अर्जाबरोबरच भेटीचा आणि फोनचा अंतरिम अर्ज त्याच दिवशी द्यायचा. मूल कुठे आहे हेच कळत नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आमच्या जिल्ह्याला जवळ आलं आहे. जन्मदाखला, लसीचं कार्ड, जुन्या शाळेची फी पावती, सगळं जपून ठेवायचं. भेट नाकारली तरी वाढदिवसाला पत्र किंवा मनिऑर्डर पाठवायची आणि पावती ठेवायची. कोर्टाला ती उपयोगी पडते, आणि पुढे कधीतरी मुलाच्या हातात देता येते. तारीख चुकवायची नाही, अगदीच येता येत नसेल तर वकिलाला आधी सांगायचं.

मूल ज्याच्याकडे आहे तो पक्षकार असेल, तर त्यालाही मी एवढंच सांगते. ताबा तुम्हाला मिळेलही. पण दुसऱ्या घराचा रस्ता बंद करू नका, आणि पोराशी खोटं बोलू नका. अठरा पूर्ण झाल्यावर ते विचारायला येतं. तेव्हा तुमच्या वतीने बोलायला कोणी वकील नसतो.